सिग्नल देणाऱ्याची शिंक

गेल्या आठ दिवसांत देवदत्तच्या शिंकेपायी क्रेन सात वेळा थांबली होती.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात चार नव्या टाक्या उभ्या करायच्या होत्या. काम ठेकेदाराकडे होतं आणि त्याच्या खलाशांचा, म्हणजे जड वजनं उचलून बसवणाऱ्या माणसांचा, मुकादम होता कोंडाजी. वय अठ्ठावन्न, राहणार पालेगाव. जड वजन उचलायच्या आधी किंवा उचलताना कुणी शिंकलं की कोंडाजी हात वर करायचा. सगळ्यांनी असतील तिथे खाली बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, दहा मिनिटं जाऊ द्यायची, मग उठायचं. हा नियम कुठल्या कागदावर नव्हता. बावीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका साइटवर कुणीतरी शिंकलं, कुणी थांबलं नाही, वजन बांधलेली स्लिंग तुटली आणि कोंडाजीचा जोडीदार खाली सापडला. शिंक कुणाची होती हे आता कुणाला आठवत नव्हतं. नियम मात्र पाळला जात होता. ठेकेदाराचा इंजिनिअर अक्षयही त्या दहा मिनिटांत मोबाइल बघत उभा राहायचा.

देवदत्त एकोणतीस वर्षांचा होता. सहा वर्षं त्याने टाकीला बांधलेल्या दोऱ्या धरल्या होत्या. ऑगस्टमध्ये परीक्षा देऊन त्याने सिग्नलमनचं कार्ड मिळवलं आणि नारिंगी जाकीट घातलं. क्रेनवाला केबिनमधून फक्त त्या जाकिटाकडे बघतो. बोट खाली करून गोल फिरवलं की वजन खाली, हात आडवा झाला की थांब. दिवाळीपर्यंत काम नीट केलं तर जागा कायम, असं अक्षयने सांगितलं होतं. नाही जमलं तर परत दोरी, आणि जाकीट सम्यकला. सम्यककडेही कार्ड होतं.

सप्टेंबर संपला आणि कारखान्याच्या कुंपणापलीकडच्या मोकळ्या प्लॉटवरचं गवत छातीएवढं होऊन फुलोऱ्यावर आलं. देवदत्तला दर वर्षी याच दिवसांत शिंका येत. दोरी धरताना तो कडेला असे, क्रेनच्या आवाजात शिंक कुणाला ऐकू जात नसे. आता तो मधोमध उभा होता.

सोमवारी चहाच्या वेळी कोंडाजी त्याच्या शेजारी येऊन बसला.

"तुझं नाक हाय का नगरपालिकेचा नळ?"

पोरं हसली. देवदत्तही हसला.

"हसू नको. गुरवारी मोठी टाकी हाय. येकोनीस टन. लाइट कंपनी वरची लाइन दहा ते बारा बंद करून देनार, त्याच्या पुढं येक मिनिट नाय. त्या दोन तासांत तू पाच वेळा शिंकलास तर मी काय टाकी हवेत टांगून पानी पीत बसू?"

"नाही शिंकणार, मामा."

"शिंकलास तर जाकीट सम्यकला द्यायचं. मला परत सांगाया लावू नको."

सम्यक पलीकडे पाव खात होता. "शिंकेनं लोखंड पडत नाय, मामा," तो म्हणाला. "स्लिंग जुनी असली की पडतं."

"तू पाव खा," कोंडाजी म्हणाला.

गुरुवारी पहाटे साडेपाचला खरवईच्या घरात देवदत्त उठला आणि सलग अकरा वेळा शिंकला. त्याच्या बायकोने, स्वप्नालीने, स्वयंपाकघरातून मोजल्या.

"अकरा. काल नऊ होत्या." तिने चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला. "तो नाकात मारायचा फवारा कुठे ठेवलास?"

"कपाटात. चार दिवस मारला, काही फरक नाही."

"डॉक्टर म्हणाले होते ना, रोज मारायचा."

"रोजची सवय लागते त्याची."

"आणि गोळीची नाही लागत?"

गॅलरीत वाळत टाकलेला शर्ट काढून त्याने अंगात घातला आणि पुन्हा दोनदा शिंकला. समोरच्या इमारतीचं काम अर्धवट थांबलं होतं, तिथेही गवत माजलं होतं. सहा वाजता त्याने खिशातल्या पाकिटातून एक बारीक पिवळी गोळी काढून पाण्याबरोबर घेतली. मेडिकलवाल्याला 'शिंकेची द्या' एवढंच सांगून ती आणली होती. ती घेतली की तासाभरात नाक कोरडं पडायचं. दुपारी डोळे जड व्हायचे, पण दोरी धरणाऱ्याला तेवढं चालतं.

आठ वाजता तो साइटवर पोहोचला. नाक बंद झालं होतं, वाहत नव्हतं. घसा कोरडा होता.

साडेआठला सेफ्टी ऑफिसर किर्तीने सगळ्यांना टाकीसमोर उभं केलं. ती सव्वीस वर्षांची होती, कारखान्याची माणूस होती, ठेकेदाराची नव्हती, आणि कामाचा परवाना तिच्या सहीने निघत असे. चौदा जण समोर होते. कोण कुठे उभा राहणार, कुणाचा सिग्नल चालणार, टाकीखाली कुणी हात घालायचा नाही, हे तिने वाचून दाखवलं. शेवटी कागदावरचा नेहमीचा प्रश्न आला.

"कुणाला बरं नाही? कुणी काही औषध घेतलंय?"

कुणाचाही हात वर गेला नाही.

"डोकेदुखीचं, सर्दीचं, काहीही?"

"मॅडम, मुकेश रोज एक शांतीची गोळी घेतो," मागून कुणीतरी म्हणालं. "बायको माहेरी जायची."

क्रेनवाला मुकेश उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातला. घर मराठी, शेजार सगळा सिंधी. "साईं, ती गोळी मिळत असेल तर डब्बा घेऊन ये," तो म्हणाला. सगळे हसले. किर्तीने 'औषध नाही' या चौकटीत चौदा खुणा केल्या आणि सही केली.

सव्वानऊला चहा आला. कोंडाजी चहाची किटली घेऊन स्वतः फिरला, जे तो कधी करत नसे. मुकेशजवळ तो क्षणभर थांबला. मग देवदत्तजवळ आला. त्याच्या तळहातावर एक पांढरी गोळी होती.

"घे. सर्दीची हाय. दोन तास बघायला नको."

देवदत्तने गोळीकडे पाहिलं. आपण सकाळीच एक घेतली आहे असं सांगावं, तर आज आजार घेऊनच आलो असं कबूल केल्यासारखं झालं असतं. शिवाय ही पांढरी होती, ती पिवळी. वेगळीच असणार.

"बघतोस काय? माझीच हाय, भेसळीची नाय."

त्याने गोळी चहाबरोबर गिळली. कोंडाजीने रिकामं पाकीट चुरगळून खिशात टाकलं.

दहाला तीन मिनिटं कमी असताना वीज बंद झाल्याचा फोन आला. किर्तीने लाइनला अर्थिंग लागल्याची खात्री केली आणि दहा वाजून बारा मिनिटांनी परवाना अक्षयच्या हातात दिला. देवदत्तने जाकिटाची चेन वर ओढली.

पहिला तास चांगला गेला. आडवी टाकी उभी होईपर्यंत त्याचे हात स्वच्छ आणि नेमके चालले. एकदाही शिंक आली नाही. कोंडाजी त्याच्या मागे पाच पावलांवर होता आणि दोनदा "बराबर" म्हणाला. अकरा वाजून पाच मिनिटांनी सात मीटर उंचीची टाकी बंद तारांवरून फिरून पायाच्या बाजूला आली. आता पुन्हा तारा ओलांडायची गरज नव्हती. टाकी पायावर आणायची आणि हळूहळू खाली घ्यायची, एवढंच उरलं होतं. पायाच्या काँक्रीटमधून आठ बोल्ट वीतभर वर आले होते. टाकीच्या तळाच्या कड्याला आठ भोकं होती. एकेक बोल्ट एकेका भोकात जायला हवा होता.

याच वेळी देवदत्तला पहिल्यांदा जाणवलं की समोरची दोन चित्रं जुळत नाहीत. टाकी एका जागी होती आणि त्याला आठवत होती त्याहून थोडी खाली होती. मधला काही वेळ त्याच्याकडे नव्हता. त्याने जीभ चावली. रक्ताची चव आली, डोळे उघडले आणि पुन्हा जड झाले. ऊन डोक्यावर होतं. हेल्मेटच्या आत कापूस भरल्यासारखं वाटत होतं.

हात आडवा करून थांबवावं, असं त्याच्या मनात आलं. आणि सांगायचं काय? अजून पंधरा मिनिटांचं काम. तो मान झटकून उभा राहिला.

अकरा एकवीसला टाकी बोल्टांवर बरोबर आली. देवदत्तने डावा पंजा छातीसमोर पालथा धरून त्याखाली उजवं बोट फिरवायला सुरुवात केली. सावकाश खाली. वॉकीटॉकीवर मुकेशने "आऱ्या, आऱ्या" असं पुटपुटत खाली घेणं चालू केलं. खलाशांच्या भाषेत आऱ्या म्हणजे खाली.

बोल्टांचे आटे खराब होऊ नयेत म्हणून त्यांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. सात काढल्या होत्या, आठवी राहिली होती. ती सम्यकच्या बाजूला होती. त्याला ती दिसली. त्याने देवदत्तकडे पाहून डावा पंजा वर केला, थांब. देवदत्तने त्याच्याकडे पाहिलं. नजरानजर झाली. सम्यकने वाकून हात आत घातला.

देवदत्तला पंजा दिसला होता. आपण हात आडवा केला, असंही त्याला वाटलं होतं. पण त्याचं बोट तसंच फिरत होतं.

सम्यक ओरडला तेव्हा त्याच्या ओरडण्यानेच देवदत्त जागा झाला. दोन्ही हात फेकून त्याने थांबवलं. क्रेन थांबली. सम्यक मागे बसकण मारून पडला होता. हात त्याच्या छातीशी होता. त्याचा हातमोजा आठव्या बोल्टावर राहिला होता आणि टाकीचं कडं बोल्टाच्या टोकापासून चार बोटांवर होतं.

"हात दाखव," किर्ती धावत येऊन म्हणाली.

सम्यकने पंजा उघडून पाचही बोटं हलवून दाखवली. मनगटावर फक्त एक पांढरा ओरखडा होता. थोड्या वेळाने त्यातून रक्त आलं.

"कुणाला इचारून हात घातलास?" कोंडाजी त्याच्या अंगावर गेला. "मॅडमनी सकाळी काय सांगितलं? बहिरा हायस का?"

"मी थांब केलं होतं."

"कुनाला?"

"त्याला. त्यानं बघितलं माझ्याकडे."

सगळ्यांनी देवदत्तकडे पाहिलं.

"देवा, थांब केला होता यानं?" कोंडाजीने विचारलं. प्रश्न विचारतानाच त्याने मान आडवी हलवली. नाही म्हण.

हात घालायचा नाही हे कागदावर होतं आणि सम्यकची त्यावर सही होती. देवदत्तने 'मला दिसलं नाही' एवढे तीन शब्द बोलले असते, तर चूक सम्यकच्या नावावर गेली असती. जाकीटही आपल्या अंगावर राहिलं असतं. त्याला हे सगळं कळत होतं, फक्त फार सावकाश कळत होतं. सम्यक खाली बसून देवदत्तकडे बघत होता.

"केला होता," देवदत्त म्हणाला. "मला दिसला. माझा हात थांबला नाही." मग किर्तीकडे वळून तो म्हणाला, "मॅडम, मी दोन गोळ्या घेतल्यात. शिंकेच्या. मला झोप येतेय. दुसरा माणूस द्या."

अकरा वाजून सव्वीस मिनिटं झाली होती.

किर्ती ओरडली नाही. तिने आधी वर टाकीकडे पाहिलं, मग स्लिंगकडे, मग घड्याळाकडे. "जाकीट काढा आणि त्या भिंतीशी जाऊन बसा. दोन गोळ्या कुठल्या?"

"एक घरून. एक इथे."

"इथे कुणी दिली?"

देवदत्तने जाकिटाची चेन खाली ओढली. कोंडाजी जमिनीकडे बघत होता. तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला.

"मॅडम." मुकेशचा आवाज होता. "मलापण दिली. सेम टाइमला. माझं नाक गळत होतं."

एकोणीस टन लोखंड चार बोटांवर टांगलेलं होतं, आणि ज्याच्या हातात क्रेनच्या दांड्या होत्या तो हे सांगत होता.

"झोप येतेय?" किर्तीने विचारलं.

"आत्ता नाय येत. आत्ता फाटलीये माझी. पण मघाशी एकदा आली होती, खोटं नाय बोलणार."

अक्षय पुढे आला. "मॅडम, चार बोटं उरलीत. बोल्ट समोर दिसतायत. दोन मिनिटांचं काम आहे, बसवून टाकू."

"बसवायला भोकं जुळवावी लागतील. जुळवायला माणसं खाली वाकतील."

"मग परत उचलून मोकळ्या जागेत नेऊ."

"तारांवरून? झोप आलेल्या माणसाच्या हातात? बाराच्या आत?" तिने वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "मुकेश, दांड्यांना हात लावू नका. ब्रेक लावून बसा. खिडकी पूर्ण उघडा, पाणी प्या, माझ्याशी बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. घरचा पत्ता सांगा."

"कॅम्प चार, सेक्शन... मॅडम, राशन कार्ड काढताय का?"

तिने दोन मिनिटांत ठरवलं. वीतभर बोल्टांपेक्षा उंच असे चार लोखंडी ठोकळे साठ्याच्या जागेत होते. ते लांब पहारींनी ढकलून कड्याखाली सरकवायचे. कुणी वाकायचं नाही, कुणाचा हात आत जाणार नाही. मग टाकी फक्त तीन बोटं खाली घेऊन ठोकळ्यांवर टेकवायची आणि तशीच, स्लिंग न सोडता, थांबायचं. ठेकेदाराच्या दुसऱ्या साइटवरून दुसरा क्रेनवाला येईल, पुढचं तो करेल. अक्षयने फोन लावला. दुसरा माणूस तीनच्या आत पोहोचणार नव्हता.

तीन बोटांसाठी मात्र मुकेशच हवा होता. आणि सिग्नलला कुणीतरी हवं होतं.

"सम्यक?" अक्षय म्हणाला.

सम्यकने मनगटावर रुमाल दाबून धरला. "माझ्याच्यानं आत्ता व्हायचं नाय."

"मी देतो," कोंडाजी म्हणाला. "माझ्याकडं पन कार्ड हाय."

किर्ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मामा, तुम्ही घेतली का?"

"नाय."

"पाकीट तुमचं होतं."

"माझं होतं. दोनच उरल्या होत्या. येक याला दिली, येक त्याला." तो थांबला. "मी रोज घेतो. धा-बारा वर्षं झाली. पाऊस गेला का दिवाळीपत्तोर. आज ऱ्हायली."

कोंडाजीला शिंकताना त्या साइटवर कुणी पाहिलं नव्हतं. भिंतीशी बसलेल्या देवदत्तने मान वर केली. मुकादमाचे डोळे लाल होते आणि कडांना पाणी साचलं होतं. सकाळपासून तो ते बाहीने पुसत होता. ऊन आहे, असं सगळ्यांना वाटलं होतं.

कोंडाजीला जाकीट छातीवर आवळ बसलं. ठोकळे आत गेले तेव्हा अकरा चव्वेचाळीस झाली होती. किर्तीने माणसं मागे घेतली, स्वतः अशा जागी उभी राहिली की तिला कोंडाजी आणि कडं दोन्ही दिसावं, आणि मुकेशला म्हणाली, "मामांचा हात थांबला की तुम्ही थांबायचं. शंका आली तरी थांबायचं."

"थांबायलाच बसलोय, मॅडम."

कोंडाजीने डावा पंजा छातीसमोर पालथा धरला. उजवं बोट फिरलं. कडं सरकलं, एक बोटभर. तो थांबला. पुन्हा फिरलं. दोन बोटं. ठोकळा आणि कडं यांच्यामध्ये उजेडाची एक चीर राहिली.

त्याचा चेहरा बदलला. ओठ ताणले गेले, नाकपुड्या फुलल्या. त्याने उजवा हात झटक्यात आडवा केला, थांब, आणि तो तसाच खांद्याच्या रेषेत ताठ धरून तीनदा शिंकला. शेवटच्या शिंकेला हेल्मेट पुढे आलं. हात हलला नाही.

दोरीवरचे दोघं सवयीने खाली बसायला निघाले. एकाने मान वळवून पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं. मग सगळे कोंडाजीकडे बघत राहिले. टाकी हलत नव्हती, क्रेनचं इंजिन गुरगुरत होतं, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा काय करायचं ते कुणाला माहीत नव्हतं.

कोंडाजीने डाव्या बाहीने नाक पुसलं. "उभे ऱ्हा," तो म्हणाला. त्याचं बोट पुन्हा फिरलं.

लोखंडावर लोखंड टेकल्याचा आवाज फार बारीक आला. किर्तीने चारही ठोकळे बघून हात वर केला. अकरा एकोणपन्नास.

दुसरा क्रेनवाला सव्वातीनला आला. ठोकळे काढून, बोल्ट जुळवून, नट आवळून टाकी चार वाजून दहा मिनिटांनी उभी राहिली. साडेचारला साइटच्या कंटेनर ऑफिसात अक्षयने चौदाही जणांना बोलावलं. भिंतीवरच्या फळ्यावर पुढच्या टाकीची तारीख होती, अठरा दिवसांनंतरची.

"दोघांचं कार्ड जमा," अक्षय म्हणाला. "देवदत्त आणि मुकेश. वरून फोन आलाय. माणूस सारखा शिंकत असेल तर त्याला या कामावर ठेवायचाच कशाला?"

"शिंकल्यामुळे कुणाचा हात जात नव्हता," किर्ती म्हणाली. तिच्यासमोर दोन पाकिटं होती. एक देवदत्तने दिलेलं, दुसरं चुरगळलेलं. "दोन्हींत औषध तेच आहे. रंग वेगळा, नाव वेगळं. त्याने डबल डोस घेतला आणि त्याला माहीतच नव्हतं." ती सगळ्यांकडे वळली. "सकाळी मी विचारलं तेव्हा एकही हात वर आला नाही. आता पुन्हा विचारते. ज्याच्या खिशात जे असेल ते टेबलावर ठेवा. मी नाव लिहिणार नाही."

मग दोरीवरच्या सुजितने मागच्या खिशातून एक पाकीट काढलं. वेल्डरने दुसरं काढलं. तिसऱ्याने कागदात बांधलेल्या दोन सुट्या गोळ्या ठेवल्या.

"देवदत्त, मुकेश, मामा, आणि हे तिघं," किर्ती म्हणाली. "चौदांत सहा. डॉक्टर चार-पाचांत एक म्हणतात, आपल्याकडे जास्तच निघाले. त्या गवताच्या फुलोऱ्याचा त्रास आहे हा. झोप न आणणाऱ्या गोळ्या मिळतात, पण त्यासुद्धा डॉक्टरला विचारून, आणि पहिल्यांदा सुटीच्या दिवशी घ्यायच्या. नाकात मारायचा फवारा असतो, तो दोन-तीन दिवसांत सोडून द्यायचा नसतो. गुण यायला आठ-पंधरा दिवस लागतात. मिठाच्या पाण्याने नाक धुवा, काम करताना मास्क लावा, घरी गेल्यावर आंघोळ करा. आणि लपवू नका. एवढंच आहे."

"ते ठीक आहे," अक्षय म्हणाला. "पण सिग्नलला मला आज नाव लिहायचंय." त्याने मार्कर उघडला आणि फळ्यावर लिहिलं. सिग्नल : सम्यक.

"माझं मत इचारणार का?" सम्यक म्हणाला. मनगटाला पट्टी होती. "हात माझा होता."

"बोल."

"त्यानं सकाळीच सांगायला पायजे होतं. ते मी माफ नाय करत." तो देवदत्तकडे न बघता बोलत होता. "पण मामा मान हलवून दाखवत होते आणि तरी तो खरं बोलला. तो गप बसला असता तर आज माझं कार्ड गेलं असतं. खिशात सहाजणांच्या होतं. आपणहून पहिला बोलला तो."

"मग काय करू?"

"ते मला काय म्हाईत. माझं नाव असं नका लिहू."

अक्षयने किर्तीकडे पाहिलं. ती कागद भरत होती. "माझ्या रिपोर्टमध्ये गोळी देणाऱ्याचं नाव जाणार," ती म्हणाली. "खरं तेच जाणार."

"घाला," कोंडाजी म्हणाला. तो दाराजवळ उभा होता. आता तो उघडपणे शिंकत होता आणि कुणी थांबत नव्हतं. "माझी सही घ्या त्याच्यावर. आनि साहेब, ते खोडा. जागा रिकामी ठेवा. अठरा दिवस हायेत. पोरगा डाक्टरचा कागद घेऊन आला तर भरा, नाय आला तर सम्यकला भरा. मी मुकादम ऱ्हायलो तर माझं तेवढंच म्हननं हाय."

अक्षयने मार्कर बंद केला. मग त्याने तळव्याने सम्यकचं नाव पुसलं. दोन टिंबं आणि पुढची मोकळी जागा तशीच राहिली.

देवदत्तने टेबलावरचं नारिंगी जाकीट घडी घालून अक्षयपुढे सरकवलं आणि बाहेर आला. पायऱ्यांवर कोंडाजी त्याची वाट बघत होता.

"तुझा तो कागद देनारा डाक्टर," कोंडाजीने नाक पुसत विचारलं, "संध्याकाळी किती वाजता बसतो?"